हेड खोललं तो रविवार

लग्न करून मी भाईंदरला खारी गावात आले तेव्हा दारातच ती फटफटी उभी होती. काळी, साडेतीनशे सीसीची, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. सासऱ्यांनी ती तरुणपणी भंगारातून उचलून स्वतःच्या हातांनी उभी केली होती. ते मराठवाड्यातून आलेले, जन्मभर एका सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायचे, नवरा अण्णा म्हणायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. जुन्या गावातलं बैठं घर, पुढे फरशीचं अंगण, आणि तिन्ही बाजूंनी इतक्या बिल्डिंगा उठलेल्या की आमच्या अंगणात काय चाललंय ते शंभर खिडक्यांतून दिसावं.

मामा नवऱ्यावर हात उचलतात हे मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाचं नवेपण संपायच्या आत. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर माझा नवरा गाडीचा प्लग बसवत होता आणि तो आट्यांत तिरका चढला. लोखंड हाडावर आपटल्याचा आवाज आला. मी धावत बाहेर गेले तर मामांच्या हातात पाना होता आणि नवरा उजव्या हाताची बोटं डाव्या हातात घट्ट धरून बसला होता. पस्तिशीच्या जवळ आलेला माणूस, औषधांच्या गोदामात सुपरवायझर, हाताखाली दहा-बारा जणं.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही गं," तो हसत म्हणाला. "अण्णांचं असंच असतं."

बोटं महिनाभर काळीनिळी होती.

मग मला कळत गेलं. चुकीचा पाना दिला, थप्पड. नट खाली पडला, पाठीत बुक्की. मामा रविवारी सकाळी विहारात जायचे, पांढरा सदरा घालून पंचशील म्हणून यायचे, सदरा खुंटीला लावायचे आणि बनियनवर गाडीपाशी येऊन बसायचे. तिथे बसले की त्यांच्यात दुसराच माणूस शिरायचा. एरवी घरात ते फार बोलत नसत. मला तर ते 'पोरी' म्हणायचे, माझ्या हातच्या सुकटीच्या चटणीचं कौतुक करायचे. मी मिरा रोडला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, त्याचाही त्यांना अभिमान होता. "शीर सापडायला हात पायजे," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे.

नवऱ्याच्या मनगटाच्या वर आतल्या बाजूला भाजल्याचा एक लांबट डाग आहे. तव्याचा असेल असं मी धरून चालले होते. एकदा मीच मुलाचा विषय काढला. तो नको म्हणाला. मी रागावले, रडले, पण नको म्हणजे नकोच. शेवटी त्याने बाही वर केली.

"हे सायलेन्सरचं आहे. सातवीत होतो. इंजिनातलं एक लॉक माझ्या हातून हरवलं. अण्णांनी गाडी चालू केली, तापू दिली, आणि हात धरून टेकवला."

त्याने बाही खाली ओढली.

"माझा हात कसा आहे ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी आजवर कुणावर उचललेला नाही. पण माहीत नाही ना. पोरावर कशाला बघायचं?"

मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याने जवळजवळ दिसतच नव्हतं, आणि हात थरथरायचे. तरी गाडी बाहेर मेकॅनिककडे द्यायची नाही हे ठरलेलं. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत ती फटफटी सगळ्यात पुढे असायची. आधी मामा चालवायचे, नंतर नवरा चालवायला लागला आणि मामा मागे बसायचे. त्या वर्षी फेब्रुवारीपासून गाडी बिघडली. किक मारली तर पायाला जोरच लागेना, चालू झाली तर सायलेन्सरमधून फटाके मारायची. मामांनी कान लावून ऐकलं आणि निदान केलं, धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जळलाय, नीट बसत नाही, हेड खोलावं लागेल.

हेड म्हणजे इंजिनाचं डोकंच. ते उचललं की खाली पिस्टन दिसतो आणि हेडच्या पोटात दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा जळका धूर बाहेर टाकतो. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या रविवारी कळलं.

नवऱ्याने अंगणात जुनी चादर अंथरली, वर वर्तमानपत्रं. टाकी काढली. कार्ब्युरेटर काढला. सायलेन्सरचा पाइप सोडवला. मामा स्टुलावर बसून पुढे झुकून सांगत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिवी होती. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. आत जाऊन निवडता आले असते, पण पाय निघत नव्हता.

वरची झाकणं निघाली. दोन लांब बारीक सळया बाहेर आल्या, पुशरॉड म्हणतात त्यांना. "डावी डाव्या अंगाला ठिव, उजवी उजव्या. अदलाबदल झाली तर तंगडं मोडीन," मामा म्हणाले. नवऱ्याने त्या कागदावर अगदी जपून ठेवल्या. मग हेडचे नट. एक जरासा ढिला करायचा, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा. नवरा घामाने निथळत होता. एवढी वर्षं घट्ट बसलेले नट सुटताना असे किंचाळत होते की समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईने खिडकी ओढून घेतली.

नट निघाले, पण हेड निघेना. चिकटलं होतं.

"लाकडी हातोडी घे. खालून ठोक. हळू."

नवऱ्याने हळू ठोकलं. काही झालं नाही.

"जेवला न्हाईस का? जोरात!"

त्याने जोरात ठोकलं. हेड सुटलं, पण त्याबरोबर टक्कन आवाज झाला. इंजिन थंड राहावं म्हणून हेडला बाहेरून पातळ पात्या असतात, त्यातल्या एकीचा तुकडा उडून माझ्या तांदळाच्या परातीपाशी आला.

मामांना तो दिसला नसेल, पण आवाज कळला. ते उठले. त्यांनी हातोडी नवऱ्याच्या हातातून हिसकावली आणि खांद्यावर मारली, परत मारली, मग हातोडी टाकून दिली आणि चादरीवरचा मोठा रिंग पाना उचलून त्याच्या कानावर मारला. कान वरच्या बाजूने फाटला. रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरायला लागलं. नवरा मांडी घालून बसलेला, दोन्ही हात मांडीत, मान खाली. त्याने हात वर करून मारही अडवला नाही. मला राग आला तो याचा. एवढा मोठा माणूस असा बसतो कसा?

"मामा, पुरे," मी म्हटलं.

"तू आत जा, पोरी."

"मी नाही जाणार. अहो, तुम्ही उठा."

मामांसमोर मी त्याला अहो म्हणायचे. खोलीत तू.

तो उठला आणि नळाखाली कान धरून उभा राहिला. मी परात बाजूला ठेवली, साडीचा पदर खोचला आणि त्याच्या जागेवर बसले. "सांगा," मी मामांना म्हटलं. "यापुढचं मी करते. शीर सापडणारा हात आहे ना माझा?"

मामांनी पायाने स्टूल जवळ ओढलं. मग स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. शिव्या न देता सांगत होते, पण आवाज तोच. हेड पाटावर आडवं ठेवलं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर एक जाड स्प्रिंग असते, ती क्लॅम्पने दाबायची. दाबली की दांड्याच्या टोकाला पकडून बसलेले दोन इवलेसे अर्धगोल तुकडे मोकळे होतात. तीच ती लॉकं. भाताच्या फुललेल्या शितापेक्षा जरा मोठी. क्लॅम्प सोडताना स्प्रिंग सटकली तर ती गोळीसारखी सुटते, म्हणून तोंड बाजूला ठेवायचं.

पहिला व्हॉल्व्ह मी काढला. चिमट्याने लॉकं उचलून वाटीत ठेवली, स्प्रिंग सावकाश सैल केली, व्हॉल्व्ह अलगद सरकून माझ्या तळव्यात आला. गरम वाटला, ऊन होतं म्हणून. मामांनी तो चाचपून पाहिला. "हा चांगलाय," ते म्हणाले. "दुसरा बघ."

दुसरा जळका. त्याच्या दांड्यावर कोळशाचा थर होता आणि क्लॅम्प तिरपा बसत होता. मी दाबला, एक लॉक उचललं, आणि दुसरं उचलता उचलता क्लॅम्प घसरला. स्प्रिंग माझ्या हनुवटीला चाटून गेली. लॉक फरशीवर एकदा टिण् करून वाजलं आणि गटाराच्या जाळीकडे गेलं.

पुढचं मला डोळ्यांनी दिसलं नाही. गालावर एकदम आग झाली आणि मी कुशीवर पडले. मामांनी मला मारलं होतं. तोंडात रक्ताची चव आली, दाढेने गाल आतून फाटला होता.

नळ चालूच राहिला. नवरा तिथून कसा आला कळलंच नाही. त्याने मामांना बनियनला धरून स्टुलावरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. मामा खाली बसले. त्याने त्यांच्या तोंडावर हाताने मारलं, मग हातोडी उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा घाव आला तेव्हा मामांनी हात मध्ये घातला आणि त्या हाताचं हाड मोडलेलं मी ऐकलं, ओली फांदी मोडते तसं. नवरा काही बोलत नव्हता. शिवी नाही, ओरडणं नाही. तोंड उघडं आणि श्वासाचा आवाज फक्त. तो मारत होता. मामा कलंडून चादरीवर, सुट्या भागांवर पडले तरी तो मारत होता, आता पाठीवर, मांडीवर, मिळेल तिथे.

"अरे सोड! मरतील ते! तू सोड आधी!" मी ओरडत होते. त्याच्या कमरेला मिठी मारली तर त्याने मला झटकून दिलं. मी परत उठले, त्याचा हातोडीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि मनगटाला चावले. जीव खाऊन चावले. माझं रक्त आणि त्याचं रक्त तोंडात एक झालं. तेव्हा हातोडी पडली.

तो तसाच उभा. छाती वरखाली होत होती. खाली मामा एका कुशीवर, नाकातून रक्त, मोडलेला हात विचित्र वळलेला. त्यांनी मान वळवली आणि स्पष्ट म्हणाले, "पाय काढ. पुशरॉडवर पाय हाय तुझा."

नवऱ्याने खाली पाहिलं, पाय काढला, आणि मटकन बसला.

बाजूच्या बिल्डिंगचा वॉचमन गेटातून आत डोकावत होता. "भाभी, पुलिस बुलाऊ क्या?" मी म्हटलं, "रिक्षा बुलाओ, भैया."

रिक्षात आम्ही तिघं एका सीटवर. मधे मामा. भाईंदरच्या त्या खड्ड्यांतून रिक्षा आदळली की ते दात दाबून कण्हायचे, आणि दर वेळी नवरा दचकायचा. दवाखान्यात डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला आणि विचारलं, कसं झालं.

"फटफटी अंगावर पडली," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या गालाकडे, त्याच्या मनगटावरच्या दातांच्या खुणांकडे. "तिघांच्याही?"

"व्हय. जड असती ती."

डॉक्टर म्हणाले, पोलिसांना कळवायचंय का तुम्हाला? खरं सांगा. मामांनी नाही म्हटलं. नवरा बोलायला पुढे झाला तर मामांनी चांगल्या हाताने त्याला गप्प राहायची खूण केली. तो मागे सरला.

मामांना प्लास्टर घालत होते तेव्हा आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. नवरा स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहत होता.

"कळलं आता," तो म्हणाला. "कसा आहे ते कळलं."

"तू थांबलास."

"तू चावलीस म्हणून थांबलो. तू नसतीस तर?"

यावर मी त्याला काही खोटं सांगितलं नाही. मलाही तेच वाटत होतं. त्या क्षणी मला त्याची भीती वाटली होती, आणि तो माझ्यासाठीच उठला होता हेही मला माहीत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं आणि दोन्ही घेऊन मी त्या बाकावर बसले होते.

पुढचे कितीतरी दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मामांना मी भरवायचे. नवरा कामावरून येऊन सरळ आत जायचा. अंगणात इंजिन तसंच उघडं पडलेलं, मी त्याच्यावर एक जुनी साडी टाकून ठेवली होती. गटाराची जाळी उचलून मी हात घालून ते लॉक शोधलं. सापडलं. रॉकेलने धुऊन वाटीत ठेवलं. का शोधलं ते मला सांगता येणार नाही. फक्त ते तिथे पडून राहावं असं वाटत नव्हतं.

एका दुपारी मी घरी होते. मामा म्हणाले, "पोरी, व्हॉल्व्ह घासायला घेती का? मी नुसतं सांगतो."

"शिवी चालणार नाही."

"न्हाई देत."

"आणि पुन्हा माझ्यावर किंवा ह्यांच्यावर हात उचललात, तर मी स्वतः चौकीत जाईन. फटफटी पडली म्हणून नाही सांगणार."

ते प्लास्टरकडे पाहत बसले. "बरं," म्हणाले.

जळका व्हॉल्व्ह मी ब्रशने घासून साफ केला. त्याच्या कडेला बारीक मलम लावलं, त्यात वाळूसारखी कच असते. मग व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर ठेवून, रबरी टोकाची काठी त्याला चिकटवून, ती दोन तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवायची. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्येच उचलायची, परत टेकवायची. सुरुवातीला खरखर आवाज येतो. मामा डोळे मिटून ऐकत होते. तळवे भाजल्यासारखे झाले.

"तुम्ही ह्यांना एवढं का मारलंत?" मी हात न थांबवता विचारलं.

"मला वस्तादानं असंच शिकवलं. हाताला लागलं की ध्यानात राहतं."

"त्यांच्या काय ध्यानात राहिलंय, सांगू?"

आणि मी सांगितलं. सायलेन्सरचा डाग, मूल नको म्हणणं, माझा हात कसा आहे ते माहीत नाही म्हणणं. सगळं. काठी फिरवत फिरवतच सांगितलं, कारण थांबले असते तर बोलता आलं नसतं. मामांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. मग ते म्हणाले, "आवाज बदलला. बघ आता."

व्हॉल्व्ह उचलून पुसला. कडेला सगळीकडे सारखी, राखाडी, मंद चमकणारी गोल पट्टी उमटली होती. मामांनी तिच्यावरून बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं.

पुढे इंजिन आम्ही दोघांनी बसवलं, मामा आणि मी. वाकलेला पुशरॉड नवा आणला. तुटक्या पातीचं काही करता आलं नाही. नवरा दारापर्यंत यायचा, पाहायचा आणि आत जायचा. जयंतीला गाडी गेली, विहारातल्या एका मुलाने चालवली. मामा घरीच थांबले. नवरा मिरवणुकीत पायी चालला.

पावसाळ्यानंतर आम्ही काशीगावात भाड्याने घर घेतलं. नवऱ्याला त्या अंगणात श्वास घेता येत नव्हता. मामांनी अडवलं नाही, जा असंही म्हटलं नाही. त्यांच्याकडे एक बाई दोन वेळचं जेवण करून जाते. नवरा एका समुपदेशक बाईंकडे जातो, मला तिथे काय बोलतो ते सांगत नाही, मीही विचारत नाही. मुलाचं आमचं अजून काही ठरलेलं नाही. मामांनी माफी मागितलेली नाही. नवऱ्यानेही मागितलेली नाही.

मामांचा मोडलेला हात नीट जुळला नाही. डोक्यावरून पाणी घेता येत नाही, म्हणून रविवारी नवरा जाऊन त्यांना आंघोळ घालतो. पहिल्या रविवारी मी बाहेर ओट्यावर बसले होते. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. मग एकदम थांबला, आणि बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी घाबरून दाराशी गेले.

मामा पाटावर उघडे बसले होते आणि त्यांनी तो वाकडा हात डोक्यावर आडवा धरला होता. डोळे घट्ट मिटलेले. नवरा त्यांच्यासमोर उभा, पाण्याने भरलेला तांब्या उचललेल्या हातात. त्याने तांब्या हळूच खाली ठेवला, उकिडवा बसला आणि थांबला. मामांचा हात खाली यायला खूप वेळ लागला.

"अण्णा," तो म्हणाला, "पाणी टाकतोय."

आता तो प्रत्येक तांब्याआधी सांगतो.